खाली गेलेलं पाणी

क्लासहून घरी आले तेव्हा माझ्या बोटांना गाडीवरच्या तळलेल्या आलूपोंग्याचं तेल लागलेलं होतं, म्हणून मी की-बोर्डला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे दिवाळीपासून माझं नाव असायचं, तिथे माझ्या वर्गातल्या सोमारीचं नाव होतं. एवढंच झालं. काही फुटलं नाही, कोणी ओरडलं नाही. खाली आई कुकरची शिट्टी बसवत होती, रस्त्यावर कोळशाचे ट्रक जात होते, आणि त्या बारीक इंग्रजी अक्षरांच्या खाली आकड्यांच्या ओळी एकामागून एक वर सरकत होत्या, अगदी तशाच, जशा माझ्या नावाखाली सरकायच्या. मला वाटलं मी चुकीच्या घरात शिरले. म्हणजे खरंच वाटलं, क्षणभर मी टेबलावरच्या स्टीलच्या ग्लासकडे पाहिलं, तो आमचाच आहे का म्हणून. आत्या डोक्याला टॉवेल गुंडाळून आत आली. "आत्या, हे काय?" "काय?" "हे नाव." "हो गं, तिचंच. बघ ना, सकाळपासून पडलं नाही!" तिच्या कावीळ होऊन गेलेल्या चेहऱ्यावर इतका रंग मी महिन्यांत पाहिला नव्हता. मी म्हटलं, "अरे वा." मी आता फार छान बोलते, कोणत्याही प्रसंगाला शब्द असतात माझ्याकडे, आणि त्या प्रसंगाला एवढेच निघाले. मग मी न्हाणीत जाऊन हात धुतले, साबणानं दोनदा, तरी पोंग्याच्या तेलाचा वास बोटांत राहिलाच, आणि त्या दिवसापासून आलूपोंगा माझ्या तोंडात गेला की आधी सोमारी आठवते.

आत्याचं काम काय आहे हे मी आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. समुद्राचा तळ म्हणजे दगडाचा एक अवाढव्य पाटा, आणि काही ठिकाणी तो दुसऱ्या पाट्याखाली शिरत असतो, नख वाढतं त्या वेगानं. शिरताना कोरडा शिरत नाही. पाणी घेऊन जातो, आणि ते पाणी वाटीतल्यासारखं नसतं, दगडाच्या कणाकणात बांधलेलं असतं. खूप खाली गेला, तापला, दबला, की दगड ते पाणी सोडून देतो. सुटलेलं पाणी वर यायला बघतं. वरचा दगड वाट देत नाही. दाब वाढत जातो, दोन पाट्यांमधली पकड सुटायला लागते, आणि मग कधी एका झटक्यात सगळं सरकतं, त्याला आपण भूकंप म्हणतो, आणि कधी हळूच सरकतं, महिना महिना, इतकं हळू की वर भात शिजवणाऱ्या बाईला पत्ताही लागत नाही. आत्याला हे दुसरं आवडतं. "झटका काय, सगळ्यांनाच समजतो," ती म्हणते. इतक्या खोल जाऊन कोणी पाहू शकत नाही, म्हणून ती कॉम्प्युटरात पृथ्वीचा एक खोटा काप बनवते, त्याची बारीक जाळी पाडते, जाळीच्या प्रत्येक खणात दगडाचा वेग, पाण्याचा दाब, उष्णता भरते, आणि काळ एकेक पायरी पुढे ढकलते; असा एक पूर्ण हिशेब म्हणजे एक रन. अडचण अशी की दगड गोगलगायीलाही लाजवील इतका हळू आणि पाणी त्याच्यापुढे सुसाट. दोघांना एका घड्याळावर चालवायला गेलं की हिशेब फाटतो. फाटला की आकड्यांच्या जागी 'आकडा नाही, आकडा नाही' अशी ओरड पडदाभर खालपर्यंत उतरत जाते. त्याला आत्या म्हणते, रन पडलं. आणि प्रत्येक रनला ती माणसाचं नाव देते, कारण तिला नंबर लक्षात राहत नाहीत, माणसं राहतात. बाबांच्या नावाचं रन सुखरूप शेवटपर्यंत गेलं, फक्त त्यात काहीच घडलं नाही. "दादा, तुझा पाटा नुसता बसून आहे." बाबा पॉवर हाऊसमधून नाईट करून आलेले, डोळे न उघडता म्हणाले, "ड्युटीवरून आला असन तो." आईच्या नावाचं दुसऱ्याच पायरीला भडकलं. आई म्हणाली, "माह्यं नाव दिल्यावर अजून काय होईन?" मग आत्यानं सगळ्यात अवघड रन बनवलं, ज्यात दाब वाढला की दगडाच्या फटी आपोआप उघडतात, पाणी निसटलं की आपोआप मिटतात, आणि त्याला माझं नाव दिलं. करिश्मा. ते पडायचं. पडलं की ती दुसरा नंबर लावून पुन्हा सुरू करायची, पुन्हा पडायचं, आणि मी तिच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून माझ्या नावाला पडताना बघायचे आणि मला त्यात इतका अभिमान वाटायचा की विचारू नका. जे रन शेवटपर्यंत जाईल ते आपल्या नावासकट तिच्या प्रबंधात छापलं जाणार, असं ती म्हणाली होती. हे मी वर्गात सांगितलं. एकदा नाही. अश्वजितनं, जो माझ्या मागच्या बाकावर बसतो आणि कशालाच काही म्हणत नाही, त्यानंसुद्धा "सही हाय" म्हटलं होतं.

यात किती काय होतं हे कळायला मी आधी कशी होते ते माहीत पाहिजे. दहावीपर्यंत मी बोलत नसे. मुकी नव्हते, पण बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर गळ्यापर्यंत येऊन तिथे बसायचं आणि दुसरंच कोणी ते बोलून टाकायचं. मग आत्या हैदराबादहून पिवळी होऊन आली, सोबत कपड्यांपेक्षा मोठा हा कॉम्प्युटर, आणि डॉक्टरनं आराम सांगितला म्हणून ती वरच्या खोलीत पडून काम करायला लागली. तिला बोलायला कोणीतरी हवं होतं. तिनं मला निवडलं, असं मी धरून चालले. आता वाटतं घरात दुसरं होतं तरी कोण. पण तेव्हा मी ओल्या कणकेच्या दोन पोळ्या घेऊन, मधे पाण्याचा हात फिरवून, एक दुसरीखाली सरकवत शाळेच्या प्रदर्शनात उभी राहिले आणि येईल त्याला सांगत सुटले, मुख्याध्यापकांना, शिपायाला, शेजारच्या शाळेच्या बाईंना, आणि माझा आवाज मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जात होता. मला स्वतःचा आवाज आवडला! घरी येताना जुन्या कोटाच्या जटपुरा गेटखालून मी मोठ्यानं काहीतरी म्हटलं, नुसतं घुमतं का बघायला. तो आवाज आत्यानं दिलेला होता, आणि दिलेली वस्तू दुसऱ्यालाही देता येते ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा आली नव्हती.

त्याच थंडीत एका सकाळी जमीन हलली. आमच्याकडे दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं, खिडक्या थरथरतात, भांडं वाजतं, कोणी मान वर करत नाही. त्या सकाळीही साऱ्या गल्लीनं तेच केलं. बाबा दात घासत होते, म्हणाले, "आज लवकर केली यायनं ब्लास्टिंग," आणि चूळ भरली. मीही शाळेत जाऊन ठासून सांगितलं की ब्लास्टिंगच आहे, वारा इकडचा आहे म्हणून जोरात आली. दुपारपर्यंत सगळ्यांच्या फोनवर आलं की भूकंप, तिकडे तेलंगणात, गोदावरीच्या पट्ट्यात. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही, कारण आमच्या बाईंनी त्याच आठवड्यात आत्याला अकरावीपुढे बोलायला बोलावलं आणि मी तिच्यासोबत पुढे उभी राहिले, फळा पुसायला. आत्यानं सांगितलं की आपल्याकडचा धक्का वेगळा, ही जुनी फाटलेली जमीन आहे, आणि मी अभ्यास करते ते दूर समुद्राकाठचं, तरी पाणी आणि दगडाचं भांडण सगळीकडे सारखं. मग विचारलं, धक्का बसला तेव्हा कोण काय करत होतं? हात वर झाले. शेवटच्या बाकावरून हात नाही, नुसता आवाज आला, "मी झोपली होती मॅडम. हॉस्टेलच्या बाकी पोरी बाहेर पळाल्या, मले कोणी उठवलंच नाई." सगळे हसले. ही सोमारी. एटापल्लीच्याही आतलं जंगलातलं गाव, यंदाच आमच्या वर्गात आलेली, लांब हातांची, बोलताना खांदे उडवणारी. आणि हसणं थांबायच्या आत तिनं विचारलं, "पण मॅडम, पाणी एवढं खाली जाते तं सारंच वापस काऊन येते? थोडं तिथीच काऊन नाई राहत?"

आत्या खडू हातात धरून उभी राहिली. मी तिला ओळखते, तिला उत्तर येत होतं. पण एरवी उत्तर येत असताना ती अशी उभी राहत नाही. मग ती हसली. ते हसू मी कुठे ठेवू? घशातून आलेलं, बारीक, जणू कोणी तिच्या हातावर गार काहीतरी ठेवलं. इतके महिने मी त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले, तिच्या गोळ्यांच्या वेळा पाळल्या, खिडकीतून येणारी काळी धूळ यंत्रावरून पुसली, आणि मला ते हसू एकदाही मिळालं नव्हतं. "राहतं," आत्या म्हणाली. "राहतं थोडं. आणि मी माझ्या मॉडेलचा तळ बंद करून ठेवला आहे." त्या वर्गात फक्त मला समजलं ती काय म्हणाली. तळ बंद म्हणजे खणांच्या सगळ्यात खालच्या ओळीतून पाणी जाऊ शकत नाही. जेवढं सुटलं तेवढं वरच ढकललं जाणार. सोपं पडतं म्हणून तसं करतात. मला ते माहीत होतं. मी तो तळ रोज पाहत होते, निळ्या रंगाची जाड रेघ, आणि मला ती रेघ सुंदर वाटायची. काऊन नाई राहत. एवढंच तर विचारायचं होतं. शब्दही किती साधे, माझ्याकडे याहून कितीतरी भारी शब्द आहेत.

पुढच्या रविवारी आत्यानं तिला घरी बोलावलं. हॉस्टेलमधून परवानगी काढून ती आली ती पिशवीभर वाळकी बोरं घेऊन, पायरीवर चप्पल काढता काढताच आईला म्हणाली, "काकू, तुमच्या घरी मस्त वास येऊन राह्यला," आणि आई, जी माझ्या मैत्रिणींना सहसा नाष्टा विचारत नाही, तिनं हिला जेवायला बसवलं. वर येऊन तिनं पडद्यावर बोट ठेवलं. बोट ठेवायचं नसतं, डाग पडतात, मला आत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं. हिला नाही सांगितलं. "हे काय चालून राह्यलं, मुंग्या?" "पाण्याचा वेग आहे तो." "आमच्याकडे पाण्याले येर म्हणते." "येर," आत्या म्हणाली. तिनं तो शब्द दोनदा तोंडात फिरवला आणि संध्याकाळी, सोमारी गेल्यावर, पाण्याच्या रकान्याचं इंग्रजी नाव खोडून तिथे इंग्रजीतच 'येर'ची तीन अक्षरं लिहिली. मी तोंड पुसायचा नॅपकिन हातात घेऊन मागे उभी होते. मला वाटलं विचारावं, दगडाला आमच्याकडे दगडच म्हणतात, तेही लिहिणार का? पण मी नॅपकिनची घडी घातली. माझ्यात काय सरकलं ते कोणत्या यंत्रावर उठलं नसतं. आई खालून म्हणाली, "काऊन व, जेवत काऊन नाई?" मी म्हटलं, "पोट भरलं आहे." पोट भरलेलंच होतं, कशानं तरी.

आणि मग ते रन, तळ उघडून सोमारीच्या नावानं लावलेलं, जे त्या दिवशी सकाळपासून पडलं नव्हतं, ते दुसऱ्या दिवशीही पडलं नाही, आठवड्यातही नाही. मी रोज शाळेतून आल्याबरोबर वर जायचे. आत्याला वाटायचं मला उत्सुकता आहे, आणि होतीच, मी 'आकडा नाही' शोधायला जायचे. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर मनात म्हणायचे, पडलं असेल, पडलं असेल, आणि वर आकडे असायचे, ठणठणीत, सोमारीच्या नावाखाली. तिचा रागही नीट करता येत नव्हता. ती दांडगी होती, खेळात लबाडी करायची, माझ्या डब्यातली भेंडी विचारल्याशिवाय खायची आणि वर म्हणायची, "तिखट नाई आहे वं." ती गरीब बिचारी असती तर मी तिच्यावर माया केली असती, मला ते जमलं असतं. पण तिला माझ्या मायेची गरज नव्हती. वर्गात ती उठून चुकीचं उत्तर तितक्याच मजेत द्यायची जितक्या मजेत बरोबर, आणि बसताना खांदे उडवायची. मी एक उत्तर द्यायच्या आधी आतल्या आत तीनदा म्हणून बघते अजूनही, हे कोणाला माहीत नाही. अश्वजितनं एकदा विचारलं, "तुझं ते मॉडेल छापलं का?" मी म्हटलं, "प्रोसेसमध्ये आहे." सोमारी बाजूलाच बोराची बी थुंकत होती. तिनं सांगून टाकायला पाहिजे होतं की आता माझ्या नावाचं चालू आहे, म्हणजे मला तिच्याशी भांडता आलं असतं.

महाशिवरात्रीला आई आत्याला मार्कंड्याच्या देवळात जत्रेला घेऊन गेली. कावीळ उतरू दे, तुझ्या पायाशी आणते, असं आई बोललेली होती. बाबा ड्युटीवर. माझी दुसऱ्या दिवशी चाचणी होती, आणि रनकडे लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच होतं. निघताना आत्यानं मला पुन्हा सगळं सांगितलं, जरी मला पाठ होतं: लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालेल, पण बॅटरी म्हातारी आहे. बीप वाजायला लागली की हे बटण दाबून टप्पा जपून ठेवायचा आणि मशीन बंद करायचं. जपलेला टप्पा असला की रन तिथूनच पुढे उचलता येतं. नाही जपला तर दोन आठवडे पाण्यात. "आणि पुन्हा उचलशील तेव्हा नवं नाव द्यायला विसरू नको, नाहीतर ते जुन्याच्या अंगावरच लिहीत सुटतं. पहिली पायरी लिहून होईपर्यंत थांबवून नाव बदलता येतं, मग नाही. सोमारीला सांगितलं आहे, ती येईल तुझ्या सोबतीला." माझ्या सोबतीला. म्हणजे मला राखायला. मी म्हटलं, "छान."

ती आली, पोळ्यांच्या डब्यातून दोन पोळ्या गुंडाळून खाल्ल्या, उपास नाही का विचारलं तर म्हणाली, "आमचा देव उपाशी नाई ठेवत," आणि आत्याच्या खाटेवर मांडी घालून बोरांचा ढीग केला. ती नेहमी सगळ्यात मोठं बोर बाजूला काढून ठेवते आणि शेवटी खाते. मी भौतिकशास्त्र उघडलं. पडद्यावर काप दिसत होता, तिरपा उतरणारा पाटा, त्याच्या पाठीवर पाण्याच्या दाबाचा लाल पट्टा, आणि खाली, जिथे माझ्या वेळी जाड निळी रेघ होती, तिथे बारीक बारीक बाण, खाली जाणारे. थोडंसं पाणी कायमचं निघून चाललं होतं. "किती राह्यलं?" सोमारीनं विचारलं. "बरंच." "मग संपल्यावर काय होते?" "प्रबंधात छापतात." "अन् मग?" मी पुस्तकातून डोकं काढलं नाही. तेव्हा लाइट गेली. पंखा क्षणभर अडखळला, इन्व्हर्टरनं उचलला. सोमारी खिडकीतून पॉवर हाऊसच्या चिमण्यांकडे बघत म्हणाली, "तुह्ये बाबा तिकडे लाइट बनवून राह्यले अन् घरीच नाई." "ते बनवतात, वाटत नाहीत," मी बाबांचंच वाक्य म्हटलं. आणि बीप सुरू झाली. इतक्या लवकर व्हायला नको होती. "खाली टीव्ही चालू आहे का?" "आहे नं!" म्हणत ती जिन्यावरून धडधडत गेली, टीव्ही, ट्यूब, पंखे, एकेक खटका बंद केल्याचा आवाज वर येत होता, ती माझ्या घरात माझ्यापेक्षा जोरात धावत होती तिच्या नावाच्या रनसाठी, की कशासाठी, आणि मी खुर्चीवर बसून होते.

बटणापासून माझं बोट वीतभर दूर होतं. मला काहीच करायचं नव्हतं. हीच तर सोय होती, काहीच करायचं नव्हतं. बॅटरी म्हातारी आहे हे आत्याच म्हणाली होती. मी दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले, लहानपणी बाई मारतील म्हणून बसायचे तसे. बीप जवळजवळ येत होती. माझ्या कानात, दातात. पडद्यावर लाल पट्ट्याच्या मधोमध, जिथे माझी सगळी रनं पडली होती त्याच जागी, फटी उघडायला लागल्या. मी ती जागा ओळखते. आता पडणार, मी श्वास धरला; आणि लाल थोडं फिकं झालं, फटी मिटल्या, वरचा पाटा किंचित सरकला, इतका किंचित की बाणांची दिशा फक्त लटकन हलली, आणि सगळं पुन्हा चालू राहिलं. हळूच सरकणं. आत्या जे कधीपासून बघायला टपली होती ते, आणि आत्ता ती नदीकाठी रांगेत होती, सोमारी खाली फ्यूज शोधत होती, आणि ते फक्त मला दिसलं. माझ्या तोंडून आवाज निघाला, शब्द नाही. हात कधी बाहेर आला मला माहीत नाही. बटण दाबलं, पडद्यानं टप्पा जपल्याचं सांगितलं, आणि मी मशीन बंद केलं तेव्हा बोटांत मुंग्या आल्या होत्या.

आत्याचा फोन आला तेव्हा मागे भोंगे वाजत होते, कोणीतरी हरवलेल्या मुलाचं नाव पुकारत होतं. "जपलं का?" ती ओरडली. "जपलं! आत्या, ते सरकलं! हळूच! मी पाहिलं!" "काय?" "सरकलं!" मग ती इतकं काही बोलली की अर्धं भोंग्यात गेलं, अर्धं आलं. "अगं तुझंच आहे ते! शून्यापासून नाही केलं मी, तुझ्या एकतिसाव्या रनचा शेवटचा टप्पा उचलला. सगळं पाणी तुझ्यातच भरलेलं होतं, मी फक्त तळ उघडला. लाइट आली की सुरू कर, नाव तू दे, आता तेच शेवटपर्यंत..." आणि फोन तुटला. सोमारी दारात, कपाळाला जाळं लागलेलं. "काय म्हणते मॅडम?" "काही नाही. सुरू करायला सांगितलं." मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी वाट पाहिली, बरं वाटेल म्हणून. पण माझ्या मनात एवढंच फिरत होतं की आतलं सगळं पाणी माझं, इतके दिवस दाबून भरलेलं, आणि ते सुटलं ते दुसऱ्याच कोणी विचारल्यावर. आतलं कोणाला दिसतं? छापलेलं दिसतं. आणि आता छापायचं काय ते माझ्या हातात होतं. करिश्मा_३२. कोणी चूक म्हणणार नाही, आत्यानंच सांगितलं, तुझंच आहे.

लाइट आली. पंखे, टीव्ही, खालच्या घरात सगळंच एकदम बोलायला लागलं. मी मशीन लावलं, जपलेला टप्पा वाचायला सांगितला, आणि नावाची रिकामी चौकट आली. मी माझ्या नावाचं पहिलं अक्षर दाबण्यापूर्वी सोमारीकडे पाहिलं. का पाहिलं? "काय टाकू?" मी विचारलं. मला वाटलं आता तरी तिचा चेहरा ताणेल. तिनं खांदे उडवले. "तुह्यं टाक नं. मले काय करायचं आहे?" "तुला काहीच नाही वाटत? पुस्तकात येईल. कायमचं." "काय वाटाचं? मी सोमवारी झाली म्हणून सोमारी. आमच्या गावात तीन सोमारी आहेत, एक म्हातारी, एक माह्यी काकी अन् एक मी. कोणी हाक मारली का तिघीजणी वर पाह्यते." तिनं बोर तोंडात टाकलं. "तुह्यं भारी आहे, करिश्मा. एकच असन. तुह्यंच टाक."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी ज्याच्यासाठी जिन्याच्या पायऱ्या मोजत, प्रार्थना करत वर यायचे, ते ती मला बोरासारखं देत होती, खाली बी थुंकता थुंकता. तिनं हिसकावलं असतं तर मी ओढून घेतलं असतं. दिलेलं कसं घेणार? मी सोमारी_०२ टाइप केलं आणि एंटर मारलं, इतक्या जोरात की ग्लासमधलं पाणी हललं.

"काऊन वं? हेच काऊन टाकलं?"

"तुमच्या गावच्या म्हातारीसाठी," मी म्हटलं.

ती हसली. मान मागे टाकून, खाट वाजेपर्यंत. "तिले सांगतो मी! म्हणन, माह्यं नाव कोणत्या दगडावर टाकलं पोरींनो?" मला हसायचं नव्हतं. पडद्यावर टप्पा वाचला जात होता, खण भरत होते, पाणी, उष्णता, वेग, माझं सगळं, तिच्या नावाखाली. पहिली पायरी अजून लिहून झालेली नव्हती. थांबवायची कळ माझ्या तर्जनीखाली होती, थंड, मधे किंचित खोलगट. अजून बदलता येतं. अजून. सोमारी म्हातारी कशी बोलते त्याची नक्कल करत होती आणि मी एकही शब्द ऐकत नव्हते. अजून. मग आकड्यांची पहिली ओळ आली आणि वर सरकली.

मी कळीवरून बोट उचललं, हात लांब केला आणि तिच्या ढिगाच्या बाजूला काढून ठेवलेलं ते सगळ्यात मोठं बोर उचलून तोंडात टाकलं.

"ए!" सोमारी ओरडली. "ते माह्यं होतं!"

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि बी चघळत राहिले.